पेशी फोडल्यानंतरचा पत्ता

स्तनाच्या कर्करोगाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट ज्यांच्या घरात आला आहे, त्यांना ‘ईआर’ ही अक्षरं पाठ झालेली असतात. इस्ट्रोजेन रिसेप्टर ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसली जाण्याचा संभव आहे, आणि टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, एवढं डॉक्टर समजावून सांगतात. ही तपासणी आज कशी होते? गाठीचा पातळ काप काचेवर घेतात, त्यावर नेमकं या रिसेप्टरलाच चिकटणारं प्रतिपिंड सोडतात आणि ते जिथे चिकटलं तिथे तपकिरी रंग उमटवतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शीतून पेशींची केंद्रकं पाहतो. कर्कपेशींच्या शंभर केंद्रकांत एक जरी रंगलं, तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात. केंद्रकाच्या बाहेर रंग दिसला, तर तो हिशेबात घेत नाहीत.

1970 च्या दशकात हीच तपासणी वेगळ्या तऱ्हेने होत असे. गाठीचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटायचा, थंड बफरमध्ये घोटायचा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायचा. केंद्रकं आणि इतर जड ऐवज तळाशी साका होऊन बसला की तो बाजूला सारायचा, आणि वरच्या निवळीत किरणोत्सारी इस्ट्रोजेन घालून त्याला धरून ठेवणारा रिसेप्टर किती आहे ते मोजायचं. निवळीतल्या एका मिलिग्रॅम प्रथिनामागे 10 फेम्टोमोल किंवा जास्त भरला तर पॉझिटिव्ह, अशी मर्यादा पुष्कळ प्रयोगशाळा पाळत. म्हणजे केंद्रकं बाजूला ठेवून केंद्रकातलं प्रथिन मोजलं जात होतं, आणि तरी निदान बहुतेक वेळा बरोबर येत होतं. त्याच आकड्यांवर हजारो स्त्रियांचे उपचार ठरले.

एकाच प्रथिनाचे हे दोन पत्ते झाले. दोन्ही मोजमापं प्रामाणिक होती आणि दोन्हींतला आकडा खरा होता. फरक कुठे पडला ते कळायला पेशीतली प्रथिनं कप्प्याकप्प्याने वेगळी करण्याची रीत मुळापासून पाहावी लागते.

सस्तन प्राण्याची पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरमध्ये पन्नास ते शंभर बसतील एवढी. तेवढ्या जागेत केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लायसोसोम, पेरॉक्सिसोम आणि या सगळ्यांच्या मधली जागा व्यापणारं पेशीद्रव असे कप्पे असतात. प्रत्येकाचं पटल वेगळं आणि आतलं वातावरणही वेगळं. लायसोसोमच्या आत आम्लता असते, बाहेर जवळजवळ नसते. त्यामुळे एखादं प्रथिन काय करतं हे ते कुठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पटलांच्या मध्ये असतं तेव्हा श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पोचवतं. तेच पेशीद्रवात उतरलं की पेशीच्या मरणाची यंत्रणा चालू करतं. रेणू तोच, जागा बदलली की काम उलटं. म्हणून जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत ‘हे प्रथिन काय करतं’ या प्रश्नाबरोबर ‘ते कुठे असतं’ हाही प्रश्न कायम विचारला जातो.

उत्तर शोधायची सर्वांत जुनी आणि अजून चालणारी रीत म्हणजे पेशी फोडणे आणि तुकड्यांची वर्गवारी करणे. यकृताचा तुकडा किंवा संवर्धनातल्या पेशी घ्यायच्या. (भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात.) त्या बर्फात ठेवलेल्या बफरमध्ये घ्यायच्या. बफरमध्ये 0.25 मोलर सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखरच, असते. तिच्यामुळे बाहेरचं पाणी मायटोकॉन्ड्रियात घुसून ते फुगत नाहीत. प्रथिनं कुरतडणाऱ्या विकरांना रोखणारी रसायनंही त्यात घालतात. पेशी फुटली की लायसोसोममधून ही मंडळी मोकळी सुटण्याची भीती असते. मग काचेच्या नळीत घट्ट बसणारा दांडा वरखाली करून पेशी घोटायच्या. दांडा आणि नळी यांच्यातली फट ही या सगळ्यातली कळीची गोष्ट. फट मोठी असेल तर पेशी न फुटताच निसटतात, फार लहान असेल तर केंद्रकंही चिरडली जातात आणि आतला डीएनए बाहेर येऊन नळीत शेंबडासारखा चिकट गोळा होतो. किती वेळा घोटायचं हे पुस्तकात आकड्याने दिलेलं असतं, पण अनुभवी हात दर काही वेळांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शीखाली पाहतो आणि त्यावर ठरवतो. मला तरी हा थेंब पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

मग फिरवणं. गुरुत्वाच्या हजारपट जोराने दहा मिनिटं फिरवलं की केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी तळाशी बसतात. वरची निवळी काढून दहा हजारपट जोराने फिरवली की मायटोकॉन्ड्रिया बसतात, आणि त्यांच्यासोबत लायसोसोम, पेरॉक्सिसोमही. तिची निवळी एक लाखपट जोराने तासभर फिरवली की पटलांच्या बारीक पिशव्या बसतात. एवढं होऊनही जे वर राहतं त्याला पेशीद्रव म्हणायचं. हे जमतं कारण एकाच घनतेचे कण द्रवात खाली जाण्याचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. केंद्रक सहा मायक्रोमीटर आणि मायटोकॉन्ड्रियन एक मायक्रोमीटर धरलं, तर वेगात छत्तीसपट फरक पडतो. एवढ्या फरकावर काम चांगलं भागतं.

आता पहिला कच्चा दुवा. फिरवायला सुरुवात होते तेव्हा सगळे कण नळीभर सारखे पसरलेले असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या कणाला तळ गाठायला पूर्ण उंची उतरावी लागते. तळाजवळच्या लहान कणाला जेमतेम काही मिलिमीटर. लहान कणाचा वेग मोठ्याच्या एक दशांश असला, तर मोठे सगळे बसेपर्यंत लहानांपैकीही दहा टक्के तळाशी पोचलेले असतात. यात कुणाच्या हाताचा दोष नसतो. नळीच्या भूमितीतच ते आहे. साका पुन्हा बफरमध्ये कालवून पुन्हा फिरवला की हे प्रमाण घटतं, पण शून्यावर कधी येत नाही, आणि प्रत्येक धुण्यात आपल्याला हवा असलेला थोडा ऐवजही वाहून जातो. लायसोसोम आणि पेरॉक्सिसोम तर आकाराने इतके जवळचे की नुसत्या वेगाने त्यांना वेगळं करणं जवळजवळ अशक्य.

दुसरा कच्चा दुवा याहून खोल आहे. जुना वाडा पाडल्यावर ट्रकमध्ये भरलेल्या राडारोड्यावरून कुठली वस्तू कुठल्या खोलीतली होती ते सांगायचं म्हटलं, तर काही गोष्टी सहज सांगता येतील: चुलीच्या विटांना चिकटलेला उलथना स्वयंपाकघरातला. पण जिन्यात टांगलेला कंदील कोसळताना माजघरात पडला असेल, तर राडारोडा त्याला माजघरातलाच ठरवेल. पेशीचंही तसंच होतं. आंतर्द्रव्यजालिका जिवंत पेशीत अखंड जाळं असते. घोटताना ते फाटतं आणि पटलाचा स्वभावच असा की फाटलेल्या कडा आपोआप जुळून बारीक बंद पिशव्या तयार होतात. एक लाखपट जोराला बसणारा साका तो हाच. त्याला ‘मायक्रोसोम’ म्हणतात. पण जिवंत पेशीत मायक्रोसोम नावाची वस्तूच नसते. ती नळीत जन्मते.

हे कळायला बरीच वर्षं लागली. आल्बेर क्लॉद हा बेल्जियन संशोधक 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आला तो कोंबडीच्या एका कर्करोगाचं कारण शोधायला. गाठ घोटून, फिरवून त्यातला रोगकारक वेगळा काढायचा त्याचा बेत होता. तुलनेसाठी त्याने निरोगी पेशीही तशाच फिरवल्या, तर त्यांतही तसाच बारीक कणांचा साका मिळाला. रोगकारक समजून जे हाती आलं होतं त्यात निरोगी पेशीचाच भाग मोठा होता. क्लॉदचं मोठेपण असं की त्याने विषाणूचा माग बाजूला ठेवून त्या साक्याकडे मोर्चा वळवला. मायक्रोसोम हे नाव त्याचंच. सस्तन प्राण्याच्या यकृतपेशींच्या विभागणीवरचे त्याचे निबंध 1946 मध्ये निघाले, आणि त्यांत त्याने एक शिस्त घालून दिली: प्रत्येक साका आणि प्रत्येक निवळी मोजायची, काही फेकायचं नाही, आणि सगळ्यांची बेरीज मूळ रगड्याशी जुळते का ते पाहायचं. पुढे 1956 मध्ये जॉर्ज पॅलेड आणि फिलिप सीकेव्हित्झ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने दाखवून दिलं की मायक्रोसोम म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे. नळीत जन्मलेल्या वस्तूचाही उपयोग मात्र मोठा झाला. प्रथिनांना आपल्या कप्प्यात जाण्याची खूण त्यांच्याच साखळीत लिहिलेली असते हे गुंटर ब्लोबेलने दाखवलं ते कुत्र्याच्या स्वादुपिंडातले मायक्रोसोम वापरून, आणि त्यासाठी त्याला 1999 चं नोबेल मिळालं.

क्लॉदची बेरजेची शिस्त सर्वांत मनावर घेतली ती बेल्जियममधल्याच लूव्हँ विद्यापीठातल्या क्रिस्तियाँ द द्यूव्हने. 1949 च्या सुमारास तो इन्शुलिनचा यकृतावरचा परिणाम शोधत होता आणि सोबत, जवळजवळ सहज म्हणून, आम्ल फॉस्फटेज हे विकरही मोजत होता. दांड्याने हळुवार घोटलेल्या यकृतात त्याची क्रिया अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरली. यंत्र बिघडलं, रसायन नासलं, असं काहीही म्हणून विषय संपवता आला असता. नमुने फ्रीजमध्ये राहिले, काही दिवसांनी पुन्हा मोजले, तर क्रिया वाढलेली! एरवी विकरं ठेवली की मरतात. हे जिवंत होत होतं. द द्यूव्हने निष्कर्ष काढला की विकर एका पिशवीत बंद असलं पाहिजे. पिशवी शाबूत असेतो बाहेरचं द्रव्य आत जात नाही, म्हणून क्रिया दिसत नाही. फ्रीजमध्ये पिशव्या फुटल्या आणि विकर मोकळं झालं. 1955 मध्ये त्याने या पिशवीला लायसोसोम म्हटलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून ती ओळखली गेली ती यानंतर. म्हणजे एक आख्खा कप्पा आधी न जुळलेल्या हिशेबात सापडला आणि मग डोळ्यांना दिसला.

द द्यूव्हच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र लायसोसोम नाही. त्याच्या आधीचे बहुतेक लोक शुद्धतेच्या मागे होते: निखळ मायटोकॉन्ड्रिया मिळवा, मग त्यांत काय काय आहे ते यादी करून सांगा. द द्यूव्हने हा हट्ट सोडला. साका शुद्ध होणार नाही हे त्याने गृहीतच धरलं. चारऐवजी पाच हिस्से पाडले, आणि प्रत्येक विकर पाचही हिश्शांत कसं वाटलं गेलं आहे ते रेखाटलं. मायटोकॉन्ड्रियाचं ओळखीचं विकर सायटोक्रोम ऑक्सिडेज, जालिकेचं ग्लुकोज-6-फॉस्फटेज. आम्ल फॉस्फटेजची वाटणी यांपैकी कुणाशीच जुळत नव्हती, पण आणखी काही आम्लात काम करणाऱ्या विकरांशी तंतोतंत जुळत होती. जे नेहमी एकत्र वाटले जातात ते एकाच घरचे. यूरेट ऑक्सिडेजची वाटणी लायसोसोमच्या जवळ जाई, पण पुरती जुळत नसे. तेवढ्या फटीतून पुढे पेरॉक्सिसोम बाहेर आला. उंदरांना ट्रायटन डब्ल्यूआर-1339 नावाचं द्रव्य टोचलं की ते यकृतातल्या लायसोसोममध्ये साठतं आणि लायसोसोम हलके होतात. पेरॉक्सिसोम आपल्या जागी राहतात. अशी त्यांची ताटातूट झाली. क्लॉद, पॅलेड आणि द द्यूव्ह या तिघांना मिळून 1974 चं नोबेल मिळालं.

तर प्रथिनाचा पत्ता ठरतो तो त्याच्या सोबतीवरून, आणि सोबत तपासायची तर पूर्ण हिशेब हवा. इतकं पाळलं तर भागतं का? इथे इस्ट्रोजेन रिसेप्टरची गोष्ट पुरी सांगायला हवी.

एलवुड जेन्सनने शिकागोत किरणोत्सारी इस्ट्रोजेन बनवून दाखवलं होतं की उंदराच्या गर्भाशयातलं काहीतरी त्याला धरून ठेवतं. ते काहीतरी म्हणजे रिसेप्टर. जॅक गोर्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ते निवळीतून वेगळं पकडलं. मग प्रयोग साधा होता. संप्रेरक न दिलेल्या उंदराचं गर्भाशय घोटलं, फिरवलं: रिसेप्टर निवळीत. संप्रेरक देऊन तेच केलं: रिसेप्टर केंद्रकाच्या साक्यात. 1968 मध्ये जेन्सन आणि गोर्स्की या दोघांच्याही गटांनी आपापल्या परीने एकच चित्र मांडलं. रिकामा रिसेप्टर पेशीद्रवात वाट पाहत असतो. इस्ट्रोजेन येऊन चिकटलं की तो केंद्रकात जातो आणि जनुकं चालू करतो. चित्र सुटसुटीत होतं, पुन्हा पुन्हा करून तसंच दिसत होतं, जगभरच्या प्रयोगशाळांत दिसत होतं. हिशेबही जुळत होता: निवळीतून जेवढा कमी होई तेवढा साक्यात वाढे. सोळा वर्षं ते पाठ्यपुस्तकात राहिलं.

1984 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध आले. किंग आणि ग्रीन यांनी रिसेप्टरला चिकटणारी प्रतिपिंडं वापरून न फोडलेल्या पेशी पाहिल्या. संप्रेरक असो वा नसो, रंग केंद्रकातच होता. दुसरा निबंध खुद्द गोर्स्कीच्या प्रयोगशाळेतला, वेल्शन्स आणि लीबरमन यांच्यासोबतचा. त्यांनी पेशी घोटल्याच नाहीत. सायटोकॅलॅसिन बी नावाच्या द्रव्याने पेशीचा आतला सांगाडा ढिला केला आणि फिरवून केंद्रक पटलाच्या पातळ वेष्टनासकट पेशीतून ओढून काढलं. एकीकडे केंद्रकं, दुसरीकडे केंद्रकाविना उरलेल्या पेशी. बफरमध्ये काहीही सांडलेलं नाही. रिकामा रिसेप्टर केंद्रकांकडे निघाला.

मग सोळा वर्षं निवळीत काय दिसत होतं? रिकामा रिसेप्टर केंद्रकात असतो, पण सैल बसलेला असतो. पेशी फोडली की तिच्यातला ऐवज कितीतरी पट बफरमध्ये मिसळतो. सैल बसलेलं प्रथिन या पातळ झालेल्या द्रवात सुटतं, केंद्रकाच्या छिद्रांतून किंवा फाटलेल्या पटलातून बाहेर येतं आणि निवळीत जातं. इस्ट्रोजेन चिकटल्यावर तोच रिसेप्टर डीएनएला घट्ट धरतो आणि घोटण्यातून टिकून राहतो. प्रयोगाने घट्टपणातला बदल अचूक टिपला होता. माणसांनी त्याला प्रवास समजलं. गाठीच्या निवळीत रिसेप्टर मोजणारी जुनी तपासणी चालत होती तीही यामुळेच. सांडलेलं सगळं निवळीत येत होतं, त्यामुळे ‘किती आहे’ याचं उत्तर ठीक मिळे. ‘कुठे आहे’ हे त्या तपासणीने कधी विचारलंच नव्हतं.

गोर्स्कीने आपलंच चित्र आपल्याच प्रयोगशाळेतून मोडलं याचं कौतुक करायला हवंच. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट शेजारच्या रिसेप्टरची आहे. कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचा ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर त्याच कुळातला. तो रिकामा असताना खरोखरच प्रामुख्याने पेशीद्रवात असतो, एचएसपी-90 या प्रथिनाच्या सोबतीने, आणि संप्रेरक आल्यावर केंद्रकात जातो. निवळी आणि साका पाहणाऱ्याला दोघांची वागणूक सारखीच दिसते. एकाचा प्रवास खरा, दुसऱ्याचा भास, आणि नळी दोन्ही वेळा तेच बोलते.

डीएनए पॉलिमरेज अल्फा या विकराची कहाणीही याच वळणाची. डीएनएची नक्कल करणारं विकर निवळीतच जास्त सापडायचं, आणि काही काळ त्याला पेशीद्रवातलं म्हणत. डीएनए केंद्रकात आणि त्याची नक्कल करणारा बाहेर, हे कुणाला खटकलं नसेल असं नाही. 1976 मध्ये सायटोकॅलॅसिनच्याच रीतीने ते केंद्रकातलं ठरलं.

अलीकडे संवर्धनातल्या पेशींसाठी घोटण्यापेक्षा मवाळ रीत जास्त वापरतात. डिजिटॅलिस या झाडातून मिळणारं डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला चिकटतं. पेशीच्या बाह्यपटलात कोलेस्टेरॉल भरपूर, आतल्या पटलांत फार कमी. मात्रा बेताची ठेवली तर बाह्यपटलाला भोकं पडतात, पेशीद्रव झिरपून बाहेर येतं आणि आतले कप्पे बहुतांशी शाबूत राहतात. मग जास्त कडक डिटर्जंटने आतली पटलं विरघळवायची, उरलेल्या केंद्रकांतून जादा मिठाच्या द्रावणाने प्रथिनं काढायची. बाजारात याची तयार किटं मिळतात, रंगीत टोपणांच्या बाटल्यांत. सोय मोठी आहे. पण डिजिटोनिनची योग्य मात्रा प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळी असते आणि किटमधली बाटली एकच. बाकी, मिठाने जे केंद्रकातून सुटतं ते ‘केंद्रकातलं’ आणि आधीच झिरपलं ते ‘पेशीद्रवातलं’, ही व्याख्या इथेही सैल-घट्टपणाचीच आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टरचा सापळा रंगीत टोपणाखाली जसाच्या तसा शिल्लक आहे.

हाच सापळा ओळखून वापरला तर शोध लागतो. शियाओदोंग वांग आणि सहकारी 1996 मध्ये पेशीच्या आत्मघाताची यंत्रणा नळीत चालवू पाहत होते. हेला नावाच्या संवर्धनातल्या पेशींच्या एक लाखपट जोराच्या निवळीत डीएटीपी हा लहान रेणू घातला की यंत्रणा चालू होई. त्यासाठी लागणारं एक प्रथिन त्यांनी शुद्ध केलं, तर ते निघालं सायटोक्रोम सी, मायटोकॉन्ड्रियातलं. ते निवळीत आलं कसं? पेशी फोडताना मायटोकॉन्ड्रियाचं बाह्यपटल फाटलं होतं. मग त्यांनी सुक्रोज घालून मायटोकॉन्ड्रिया सांभाळत निवळी बनवली. आता तिच्यात सायटोक्रोम सी फारसं नव्हतं आणि यंत्रणाही चालू होईना. आत्मघाताच्या वाटेवर ढकललेल्या पेशींतून मात्र सुक्रोज असूनही सायटोक्रोम सी निवळीत उतरलेलं होतं. सांडणं आणि सुटणं यांतला फरक त्यांनी मुद्दाम दोन तऱ्हांनी फोडून काढला, आणि त्यातून मायटोकॉन्ड्रियाचं एक नवं काम कळलं.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण सांगतो, नाहीतर नळीवर अन्याय होईल. यकृतातून मायटोकॉन्ड्रिया कितीही काळजीने वेगळे केले तरी त्यांना जालिकेचे तुकडे चिकटलेले येत. सगळे त्याला भेसळ म्हणत आणि धुऊन टाकायचा प्रयत्न करत. जीन व्हान्स यांनी 1990 मध्ये ती ‘भेसळ’ वेगळी काढून तपासली. तिच्यात फॉस्फोलिपिड बनवणारी विकरं दाटीने होती, साध्या जालिकेपेक्षा वेगळ्या प्रमाणात. जालिकेचा हा भाग जिवंत पेशीतच मायटोकॉन्ड्रियाला बिलगलेला असतो आणि दोघांमध्ये मेदरेणूंची देवाणघेवाण चालते. आज या सांध्यावर स्वतंत्र शाखाच उभी आहे. म्हणजे एखादी वस्तू नको तिथे सापडली म्हणून ती भेसळच असेल असंही नाही.

द द्यूव्हची रीत सध्या नव्या अवतारात चालते आहे. तो एका वेळी एखाददुसरं विकर मोजायचा. आता मास स्पेक्ट्रोमीटर एका वेळी हजारो प्रथिनं मोजतो. केंब्रिजमध्ये कॅथरिन लिली यांच्या गटाने 2016 मध्ये उंदराच्या मूलपेशींतल्या पाच हजारांवर प्रथिनांची हिश्शाहिश्शातली वाटणी मांडली. कुठलाही हिस्सा शुद्ध नव्हता आणि तसा असण्याची गरजही नव्हती. ओळखीच्या प्रथिनांच्या वाटणीशी अनोळखी प्रथिनांची वाटणी ताडून पाहिली की झालं.

एक गोष्ट मात्र द द्यूव्हच्या हिशेबाला छेद देणारी निघाली. प्रत्येक विकराची जागा एकच असते असं त्याने सोयीसाठी गृहीत धरलं होतं. स्वीडनमधल्या ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलस’ने 2017 मध्ये प्रतिपिंडं आणि सूक्ष्मदर्शी वापरून मानवी पेशींतल्या 12,003 प्रथिनांच्या जागा प्रसिद्ध केल्या, तेव्हा जवळजवळ निम्मी एकापेक्षा जास्त कप्प्यांत सापडली. पेशीद्रवाची खूण म्हणून जगभर वापरलं जाणारं जीएपीडीएचसुद्धा केंद्रकात जातं. तेव्हा केंद्रकाच्या हिश्शात जीएपीडीएचची पुसट पट्टी दिसली तर ती भेसळ की वास्तव्य, हे त्या पट्टीवरून सांगता येत नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत वेस्टर्न ब्लॉट करणारे काही विद्यार्थी असतील, त्यांच्याशी दोन शब्द. प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रथिन, समजा 20 मायक्रोग्रॅम, चढवायची सवय सर्वत्र आहे. पण समजा तुमच्या पेशीतलं 70 टक्के प्रथिन पेशीद्रवाच्या हिश्शात आणि 10 टक्के मायटोकॉन्ड्रियाच्या हिश्शात आलं असेल, तर सारखं प्रथिन चढवल्याने मायटोकॉन्ड्रियाची लेन सातपट फुगते. तुमचं प्रथिन ‘मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात’ दिसेल आणि प्रत्यक्षात बरंचसं बाहेर असेल. म्हणून निदान एक ब्लॉट असा करा की प्रत्येक लेनमध्ये सारख्याच संख्येच्या पेशींचा ऐवज असेल, शेजारी न विभागलेल्या पेशींची लेन असेल, आणि धुण्याचं पाणीही फेकून न देता एका लेनमध्ये घातलेलं असेल. बेरीज जुळते का ते पाहा. आणि जुळली तरी, प्रबंधात जागा लिहिण्याआधी एकदा त्याच पेशी न फोडता सूक्ष्मदर्शीखाली ठेवा.